दुखण्याआधीची दंतचिकित्सा

वार्षिक अहवालाच्या निमित्ताने आपले देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर एखादा आरोग्यविषयक प्रश्न सविस्तर मांडण्याचा आमचा प्रयत्न असतो. या वेळी आम्ही दातांचा विषय निवडला आहे. हृदय, मूत्रपिंड किंवा मेंदूच्या विकारांपुढे दातांचे दुखणे किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आमच्या बाह्यरुग्ण विभागातील अनुभव वेगळे सांगतो. दातांचे बहुतेक विकार टाळता येण्याजोगे असतात, आणि तरीही ते सर्वाधिक उशिरा आमच्यापर्यंत पोहोचतात. हा उशीर का होतो आणि तो कसा टाळता येईल, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

एका प्रसंगाने सुरुवात करतो. रुग्णाची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव व गाव देत नाही.

हिवाळ्यातील एका सकाळी आष्ट्याजवळच्या एका वाडीतील आजी आपल्या पाच वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. मुलाचा उजवा गाल सुजला होता, अंगात ताप होता आणि दोन रात्री घरात कोणालाच झोप नव्हती. तपासणीत खालची दुधाची दाढ मुळापर्यंत किडून तिच्याखाली पू झाल्याचे आढळले. आमच्या दंतवैद्य बाईंनी विचारले, "आजी, दाढ किती दिवसांपासून किडली आहे?" आजी म्हणाल्या, "काळी तर वरीसभर दिसत हुती. पन दुधाचाच दात हाय बाई, पडायचाच हाय की!"

बोलताना आजींच्या खालच्या ओठाच्या आत काळसर थर दिसला. नातवाला औषध देऊन झाल्यावर बाईंनी आजींनाही खुर्चीवर बसवले. वर्षानुवर्षे जिथे मिसरी लावली जात होती, त्या जागी गालाच्या आतल्या बाजूस एक पांढरा, खरबरीत चट्टा होता. तो दुखत नव्हता, म्हणून आजींनी तो कधी कोणाला दाखवला नव्हता.

एकाच घरातील दोन तोंडे, दोन निराळे आजार, आणि उशिराचे कारण मात्र एकच: दुखत नाही तोवर काही बिघडलेले नाही, ही समजूत. पुढील विवेचन या एका समजुतीविरुद्ध आहे.

कीड म्हणजे नेमके काय?

'दाताला कीड लागली' असे आपण म्हणतो, पण दातात अळी वा किडा नसतो. दातांवर सतत एक चिकट, पातळ थर साचतो. त्या थरातील जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेवर जगतात आणि तिचे आम्ल बनवतात. हे आम्ल दाताच्या कठीण आवरणातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळवते. गोड पदार्थ खाल्ल्यानंतर काही मिनिटांतच तोंडातील आम्लता वाढते आणि ती पूर्ववत होण्यास साधारण अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. त्यानंतर लाळ आपले काम करते आणि गमावलेली खनिजे काही अंशी दाताला परत मिळतात. झीज आणि भरपाई यांचा हा हिशेब दिवसभर चालू असतो. झीज अधिक आणि भरपाई कमी झाली, की खड्डा पडतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली, यालाही महत्त्व आहे. जेवणासोबत एक लाडू खाणारे मूल आणि तोच लाडू दिवसभर कुरतडणारे मूल यांच्या दातांवरील परिणाम सारखा नसतो. १९४५ नंतरच्या काही वर्षांत स्वीडनमधील विपेहोल्म या संस्थेत झालेल्या अभ्यासात हे स्पष्टपणे दिसून आले. जेवणासोबत घेतलेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट गोड पदार्थांनी दात फार अधिक किडले. तेथील मतिमंद रुग्णांवर त्यांच्या संमतीविना केलेला तो प्रयोग आज कोणीही मान्य करणार नाही. त्यातून मिळालेले ज्ञान मात्र वाया जाऊ देणे योग्य नव्हे.

कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या मधला आपला मुलूख उसाचा आहे. हंगामात रस, काकवी, ताजा गूळ घरोघरी असतो आणि पाहुण्याला गोड चहा दिल्याशिवाय आपले आतिथ्य पुरे होत नाही. 'ऊस चावल्याने दात स्वच्छ होतात' असेही आपल्याकडे मानले जाते. उसाच्या तंतूंनी दातांचा पृष्ठभाग थोडा घासला जातो हे खरे, परंतु त्याच वेळी साखरेचा रस दातांच्या फटींत शिरतो. गूळ साखरेपेक्षा पौष्टिक म्हणून त्याने दात किडत नाहीत, हाही गैरसमज आहे. दातांवरील जिवाणूंना गूळ, काकवी आणि साखर यांत फरक करता येत नाही. ऊस खाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. तो जेवणाच्या वेळेस खावा, नंतर चूळ भरावी आणि झोपण्यापूर्वी दात घासल्यावर पाण्याखेरीज काहीही तोंडात जाऊ देऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर, गूळ, मध व फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण आहाराच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि शक्य झाल्यास ५ टक्क्यांहूनही कमी. प्रौढ व्यक्तीसाठी ५ टक्के म्हणजे दिवसाकाठी साधारण २५ ग्रॅम, सुमारे सहा चहाचे चमचे. दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेणाऱ्याने ही मर्यादा केवळ चहातच ओलांडलेली असते.

'दुधाचा दात पडणारच' हे वाक्य महाग का पडते

दुधाचे दात वीस असतात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत सर्व दात येतात. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात. दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून पाच-सहा वर्षे काम करायचे असते.

ही दाढ तीन कामे करते. मूल तिने अन्न चावते. खाली वाढणाऱ्या कायमच्या दातासाठी ती जागा राखून ठेवते. आणि ती निरोगी असेल तर त्या दाताच्या कोंबाला संसर्गाची झळ पोहोचत नाही. दाढ वेळेपूर्वी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि पुढे कायमचे दात वेडेवाकडे येतात. दाढ दुखणारे मूल एका बाजूने चावते, कमी खाते, रात्री झोपत नाही आणि शाळेत पेंगते. ते आळशी किंवा हट्टी झाले आहे, असा घरच्यांचा समज होतो.

आणखी एक गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्या जागी आधीचा कोणताही दात पडलेला नसतो, म्हणून तिलाही दुधाचीच दाढ समजले जाते. प्रत्यक्षात ती कायमची असते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. तिच्या माथ्यावरील खोल खाचांत अन्न अडकते आणि येताच पहिल्या काही वर्षांत ती किडण्याचा धोका असतो. या खाचा दंतवैद्याकडून एका पातळ लेपाने बंद करून घेता येतात. त्यास 'सीलंट' म्हणतात. त्यासाठी दात कोरावा लागत नाही, भूल द्यावी लागत नाही, आणि मूल घाबरत नाही.

पालकांसाठी घरचा पाठ

पहिला दात दिसताच तो स्वच्छ करण्यास सुरुवात करावी. तीन वर्षांखालील मुलासाठी ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी वाटाण्याएवढी फ्लोराईडयुक्त टूथपेस्ट पुरे. जाहिरातींत दाखवतात तसा ब्रशभर पट्टा नको. टूथपेस्ट घेताना वेष्टनावर फ्लोराईडचे प्रमाण १००० पीपीएमच्या आसपास असल्याचे पाहावे. दिवसातून दोन वेळा, आणि त्यांपैकी एकदा रात्री झोपण्यापूर्वी, दोन मिनिटे दात घासावेत. घासून झाल्यावर पेस्ट थुंकावी, पण भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत. थोडे फ्लोराईड दातांवर राहिले, तरच त्याचा उपयोग होतो.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला पुरेशी सफाई नसते. म्हणून 'जा, दात घासून ये' असे सांगून भागत नाही. मोठ्यांपैकी कोणीतरी मुलाच्या मागे उभे राहून एकदा तरी स्वतः घासून द्यावेत.

बाळाला दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नये. चोखणीला मध किंवा साखर लावू नये. झोपेत लाळ कमी होते आणि गोड दूध पुढच्या वरच्या दातांवर रात्रभर साचून राहते. दोन वर्षांच्या बाळाचे पुढचे चारही दात काळे पडून झिजलेले आम्ही पाहतो, त्याचे मुख्य कारण हेच असते.

महिन्यातून एकदा उजेडात मुलाचा वरचा ओठ उचलून पाहावा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली खूण आहे. या टप्प्यावर खड्डा पडलेला नसतो. फ्लोराईड आणि खाण्यातील बदल यांनी दात पुन्हा बळकट होऊ शकतो. रेघ तपकिरी झाली, खड्डा पडला, की ही संधी निघून जाते.

कडुलिंबाची वा बाभळीची काडी नीट चावून, कुंचला करून वापरली तर दात स्वच्छ होतात, त्यात वाईट काही नाही. मात्र तिच्यातून फ्लोराईड मिळत नाही. राखुंडी, विटेची भुकटी आणि कोळसा यांनी दात घासणे मात्र थांबवावे. ते दात उजळवत नाहीत, त्यांचे आवरण खरवडतात.

मोठ्यांच्या हिरड्या

वयस्कर माणसांचे दात किडीने जातात, तसेच हिरड्यांच्या आजारानेही जातात. साचलेला थर न निघाल्यास तो कठीण होऊन त्याचे कीटण बनते. हिरडी सुजते आणि घासताना रक्त येते. रक्त येते म्हणून माणूस तेथे घासणे सोडतो आणि आजार वाढतो. यात वेदना जवळजवळ नसते. दात हलू लागतात, तेव्हाच रुग्ण येतो.

'दात साफ करून घेतले की ते हलतात' आणि 'वरचा दात काढला की नजर जाते' ही दोन वाक्ये आम्ही वारंवार ऐकतो. कीटण काढल्याने दात हलत नाही. आधीच सैल झालेला दात कीटणाच्या आधाराने उभा असतो, एवढेच. आणि वरच्या दाताच्या नसेचा डोळ्याच्या नजरेशी संबंध नाही. या भीतीपायी महिनोन्‌महिने पू सहन करणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत.

मधुमेही रुग्णांनी हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. साखर नियंत्रणात नसेल तर हिरड्यांचा आजार वाढतो, आणि हिरड्यांचा आजार वाढला की साखर नियंत्रणात ठेवणे कठीण होते. गरोदरपणातही हिरड्या सुजतात. त्या काळात दंतोपचार करू नयेत, ही समजूत चुकीची आहे. दंतवैद्यास गरोदरपणाची कल्पना देऊन आवश्यक उपचार घेता येतात, आणि मधले तीन महिने त्यासाठी अधिक सोयीचे असतात. कवळी वापरणाऱ्यांनी ती रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी.

मिसरीची डबी

आता त्या आजींकडे वळू. मिश्री, आपल्या बोलीत मिसरी, म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूची पूड. पश्चिम महाराष्ट्रातील असंख्य स्त्रिया ती दात घासण्याच्या निमित्ताने लावतात. 'मिसरी लावली नाही तर तोंड धुतल्यासारखंच वाटत नाही, पोट साफ होत नाही,' असे त्या सांगतात. ही भावना खोटी नसते, पण ती स्वच्छतेची नसून निकोटिनच्या सवयीची असते. सकाळची ती तलफ भागली, की बरे वाटते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी केली. तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातील कर्करोगपूर्व चट्टे यांचे नाते आपल्याच मातीत इतक्या मोठ्या प्रमाणावर तपासले गेले, हे महाराष्ट्राने विसरू नये. पुढे केरळमधील एर्नाकुलमसह देशातील तीन जिल्ह्यांत छत्तीस हजारांहून अधिक तंबाखू सेवन करणाऱ्यांना घरोघर जाऊन सवय सोडण्याविषयी समजावण्यात आले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून असे दिसले, की समजावून सांगितल्याने सवय सोडणारे वाढतात आणि तोंडातील पांढरे चट्टे नव्याने होण्याचे प्रमाण घटते. शस्त्रक्रिया नाही, यंत्र नाही. उंबऱ्यावर बसून केलेल्या संभाषणाचा हा परिणाम होता.

कायद्यानेही पावले उचलली आहेत. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर १९९२ साली केंद्र शासनाने बंदी घातली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेली मिसरी कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येत नाही. ती घरातच थांबवावी लागते. गरोदर स्त्रीने लावलेली मिसरी पोटातील बाळापर्यंत पोहोचते आणि बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढवते, हे सुनेला आणि सासूला दोघींनाही एकत्र सांगावे लागते.

तंबाखूविरहित सुपारीही निर्धोक नाही. सतत सुपारी चघळल्याने गालाच्या आतला भाग ताठर होतो आणि तोंड उघडणे कमी होत जाते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे प्रत्येकाने आरशात पाहावे. जात नसतील, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा गिळताना त्रास होत असेल, तर दुखत नसले तरीही तपासणीस यावे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

आमचा स्वतःचा धडा

उशिराचा दोष केवळ रुग्णांना देणे न्यायाचे ठरणार नाही. आम्हीही अनेक वर्षे दुखण्याचीच वाट पाहत होतो. दंतशिबिर घ्यायचे, रांगेत येणाऱ्यांचे दुखरे दात काढायचे आणि काढलेल्या दातांची संख्या अहवालात अभिमानाने छापायची, अशी आमची रीत होती. काढलेला प्रत्येक दात हा प्रतिबंधाच्या अपयशाचा आकडा आहे, हे आमच्या ध्यानी उशिरा आले.

यात एक व्यावहारिक अडचणही आहे, आणि ती देणगीदारांपुढे मोकळेपणाने मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. दंतचिकित्सेच्या खुर्चीसाठी देणगी मागणे सोपे असते. खुर्ची दिसते, तिच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. अंगणवाडीत जाऊन पन्नास मुलांचे ओठ उचलून पाहणारी कार्यकर्ती, शाळेत फ्लोराईडचा लेप लावणारा दंतवैद्य, ऊसतोडणीच्या फडावर जाऊन बीडकडून आलेल्या कुटुंबांतील मुलांची तपासणी करणारे पथक यांच्या कामावर पाटी लावता येत नाही. पहाटे आईवडील फडात गेल्यावर कोपीत राहिलेल्या मुलाच्या हाती बिस्किटाचा पुडा असतो आणि दंतवैद्य मात्र कोसभर दूर असतो. त्या मुलाचे न दुखलेले दात कोणत्याही तक्त्यात मोजता येत नाहीत.

या कामाला लागणारी साधने साधी आहेत. फ्लोराईडयुक्त टूथपेस्ट, किडीची वाढ थांबवणारे सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड आणि यंत्राविना भरता येणारे ग्लास आयोनोमर सिमेंट यांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. यांपैकी दुसऱ्या औषधाने किडलेला भाग काळा पडतो, याची पालकांना आधी कल्पना द्यावी लागते. पण त्यासाठी वीज लागत नाही, आणि ते लावण्यास काही मिनिटे पुरतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत २०१३ पासून शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी होते. तिच्यात दातांचाही अंतर्भाव आहे. त्या तपासणीत आढळलेल्या मुलांपर्यंत उपचार पोहोचवण्यास हातभार लावणे, ही आमच्यासारख्या संस्थांची जबाबदारी आहे.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे, की यापुढे दंतविभागाचे मूल्यमापन काढलेल्या दातांवरून करू नये. सहा वर्षांच्या किती मुलांच्या नव्या दाढा तपासल्या, किती घरांतून मिसरीची डबी गेली आणि गेल्या वर्षी पाहिलेल्या किती मुलांना या वर्षी नवी कीड लागली नाही, हे आम्हाला विचारावे. हे प्रश्न आम्हालाही कामाला लावतील.

त्या नातवाची दाढ वाचवता आली नाही. ती काढून तिच्या जागी शेजारचे दात कलू नयेत म्हणून जागा राखणारी तार बसवली. आजींच्या चट्ट्याचा तुकडा तपासणीस पाठवला. कर्करोग निघाला नाही. मिसरी सुटायला मात्र वेळ लागला. दोनदा सुटली आणि दोनदा पुन्हा सुरू झाली. तिसऱ्या खेपेस सुनेने घरातील डबीच चुलीत टाकली आणि आजींनी ते मान्य केले. काही महिन्यांनी चट्टा फिका पडला होता. तरीही दर सहा महिन्यांनी त्या दाखवायला येतात, कारण ते आवश्यक आहे. गेल्या खेपेस त्यांच्यासोबत धाकटी नात होती, दोन वर्षांची. आजींनी खुर्चीवर बसण्याआधीच तिचा वरचा ओठ बोटाने उचलून आम्हाला दाखवला आणि विचारले, "बाई, ही पांढरी रेघ बघा बरं, कीड तर न्हवं?"

ती रेघच होती. खड्डा पडायचा होता. या वेळी आम्ही दोघीही वेळेवर आलो होतो.